दयेचा कायदा होतो तेव्हा

भुकेल्याला अन्न देणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी भारतीय धर्मपरंपरांत दुमत नाही. परंतु ज्याच्या अंगात राबण्याची ताकद आहे आणि मनात इच्छाही आहे, अशा माणसाला काम मिळवून देणे हे पुण्य समजायचे की समाजाचे देणे, या प्रश्नाचे उत्तर परंपरेने इतक्या सरळपणे दिलेले नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने हा प्रश्न राज्यकारभारात आणून ठेवला, आणि ज्यांच्या पुढाकाराने तो तेथे आला ते वि. स. पागे (१९१०–१९९०) राजकारणात जितके मुरलेले होते तितकेच संतसाहित्यात रमलेले होते, ही बाब निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते, म्हणजे त्यांच्या हाती कोणतेही खाते नव्हते. तरीही १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात झालेल्या छोट्या प्रयोगापासून १९७७ च्या कायद्यापर्यंत, आणि २६ जानेवारी १९७९ रोजी तो अमलात येईपर्यंत, ही कल्पना त्यांनी चिकाटीने लावून धरली.

या कल्पनेचे वेगळेपण दामाजीपंतांच्या कथेशेजारी ठेवून पाहिले की स्पष्ट होते. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि बादशहाचे देणे स्वतः विठ्ठलाने येऊन फेडले, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. कथा थोर आहे, पण तिच्यात एक अडचण आहे: पुढच्या गावचा अधिकारी दामाजी नसेल तर तेथल्या लोकांनी काय करायचे? दया माणसाच्या स्वभावावर उभी असते आणि म्हणूनच ती कुठे बरसेल हे सांगता येत नाही. रोजगार हमीच्या कायद्याने दयाळू अधिकाऱ्याची गरजच उरू दिली नाही. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की ते १५ दिवसांत द्यायचे, देता आले नाही तर बेकारभत्ता द्यायचा, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात दाद मागता येणार नाही अशा भागात. महाराष्ट्राने त्याला कायद्याचे बळ दिले.

यावर धर्मचिंतनाच्या अंगाने एक गंभीर आक्षेप घेता येतो. योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावण्यात आला, आणि मुंबईतील कारकुनाच्या पगारातून दरमहा कापली जाणारी रक्कम माणदेशातल्या मजुराच्या हातावर पडू लागली. गीतेच्या सतराव्या अध्यायात ज्या दानाला सात्त्विक म्हटले आहे ते परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे कर्तव्य आहे अशा जाणिवेने दिलेले असते. सक्तीने कापलेल्या करात ती जाणीव कुठली? आक्षेप खरा आहे. कर भरणाऱ्याला पुण्य लाभत नसेल, हे मान्यच करावे लागते. परंतु दानाचा विचार देणाऱ्याच्या चित्तशुद्धीपुरताच का करावा? घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर या कराने जे साधले ते बहुतेक दानांना साधत नाही: मजुराला कोणाचे उपकार मानावे लागत नाहीत. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीस यानेही दानाच्या आठ पायऱ्या सांगताना सर्वांत वरची पायरी अशाच मदतीला दिली, जिच्यामुळे माणूस उद्योगाला लागतो आणि त्याला पुन्हा हात पसरावा लागत नाही.

निष्काम कर्माची, म्हणजे फळाची आसक्ती न धरता कर्तव्य करण्याची, शिकवण येथे नेमकी कोणाला लागू करायची, हेही ठरवावे लागते. कष्टकऱ्याला फळाची आशा सोडायला सांगणारा उपदेश आपल्याकडे फार सहज केला जातो आणि तो अन्यायाचा आहे. पाझर तलावाच्या कामावर मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळते. खड्ड्याच्या मध्यभागी मूळ जमिनीची उंची दाखवणारा मातीचा खुंट तसाच राखून ठेवतात, त्यावरून खोली मोजली जाते आणि आठवड्याची मजुरी ठरते. वितभर माप कमी लागले तर घरातले पीठ कमी होते. त्या मापाकडे टक लावून पाहणाऱ्या बाईला अनासक्ती शिकवणे म्हणजे धर्माचा आधार घेऊन तिची मजुरी बुडवणे होय. फळाचा त्याग करायचा तो काम उभे करणाऱ्याने: श्रेयाचा, मजुरांच्या कृतज्ञतेचा आणि काम देताना आपली माणसे निवडण्याच्या सत्तेचा. रोजगार आणि विकास यांचे नेतृत्व करणाऱ्याला एवढी साधना पुरेशी कठीण आहे.

१९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. एवढ्या मोठ्या संख्येला पुरेल इतके सौजन्य कोणत्याही यंत्रणेत नसते, म्हणून नियम लागतात. आणि नियम असूनही हक्क कुठे अडतो हे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या अंमलबजावणीतही दिसून आले. कामाची मागणी तोंडी ऐकून घ्यायची, पण अर्जाची तारीख घातलेली पोच द्यायची नाही, ही त्यातली नेहमीची युक्ती. पंधरा दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते; पोच नसेल तर मुदत सुरू होत नाही, भत्ताही देय होत नाही, आणि मजूर पुन्हा साहेबांच्या मर्जीवर येऊन पडतो.