पहिले आसन कोणाचे?



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान हे दोघे भाऊ प्रभू येशूकडे एक मागणी घेऊन येतात. प्रभूच्या वैभवात त्यांना त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे बसायचे आहे. हे ऐकून बाकीचे दहा शिष्य चिडतात. ते का बरे चिडले असतील? मागणी चुकीची होती म्हणून, की आपल्या आधी दुसऱ्यांनी ती केली म्हणून? आपण आपल्याच मनात डोकावलो तर उत्तर लगेच सापडते. प्रभू त्या सर्वांना जवळ बोलावतो आणि सांगतो की ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सर्वांचा सेवक व्हावे.

सेवक होणे म्हणजे काय, हे समजायला आपल्याला दूर जायला नको. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची गरीब मुले तिथे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. भाऊरावांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची आठवण मात्र आपण कमी काढतो.

लक्ष्मीबाई सोवळे-ओवळे पाळणाऱ्या जैन घरात वाढल्या होत्या. तरीही वसतिगृहातल्या मुलांच्या त्या आई झाल्या. मुलांसाठी त्यांनी एक-एक करून आपले दागिने दिले. एकदा धान्य संपले आणि हातात पैसा नव्हता, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. त्या काळी सवाष्ण बाईने मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे. सोने देण्याच्या आधीच लक्ष्मीबाईंनी त्याहून कठीण गोष्ट दिली होती. ‘आम्ही वेगळे’ हा अभिमान त्यांनी सोडला होता.

त्या ख्रिस्ती नव्हत्या, मग त्यांचे उदाहरण देवळात का घ्यावे, असे कोणी विचारील. शेजारी कोण, हे शिकवताना प्रभूने यहुद्यांपुढे एका शोमरोनी माणसाचाच आदर्श ठेवला होता, हे आपण विसरू नये.

पुष्कळदा आपण नम्रतेचा अर्थ चुकीचा घेतो. “मी काय, साधा माणूस” असे म्हणत राहिलो की नम्र झालो, असे आपल्याला वाटते. पण त्या बोलण्यातही ‘मी’च असतो. नम्र माणसाला समोरच्याची भूक दिसते आणि ती भागवण्याच्या नादात स्वतःकडे बघायला त्याला सवड राहत नाही.

आपली कृष्णामाईही हेच शिकवते. महाबळेश्वरी उगम पावून ती सातारा जिल्ह्यातून वाहते, कराडला कोयनेला भेटते आणि पुढे सांगलीत येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. वर पडलेला पाऊस खाली कोणाच्या तरी उंबऱ्याशी येतो. माणसाच्या वागण्याचेही तसेच आहे. आपल्या घरातला हट्ट, आपला अबोला, वाटणीसाठी भावाशी धरलेले वैर, याचे पाणी शेवटी लेकरांच्या आणि म्हाताऱ्या आईवडिलांच्या दारात शिरते. त्या महापुरात कोणी शाळा उघडल्या, कोणी मंगल कार्यालये दिली, कोणी स्वतःच्या घरात अनोळखी कुटुंबांना ठेवून घेतले. तेव्हा कोणी कोणाची जात विचारत बसले नाही. पाणी ओसरल्यावर ते मन का ओसरावे?

दरवर्षी गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड कामगार आपल्या भागात येतात. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांच्या मुलांची शाळा बुडते. आपण रोज त्या रस्त्याने जातो, पण थांबतो का? देवळातही आपली जागा, आपला मान, आपलीच माणसे, असे आपण करत नाही ना? मिस्सानंतर ज्याच्याशी कोणीच बोलत नाही असा एखादा माणूस मागच्या बाकावर असतो. प्रभूच्या शेजारची जागा कदाचित तिथेच असेल.

या आठवड्यात आपण एवढे करू या. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याच्या घरी आपण आधी जाऊ. आजारी किंवा एकट्या माणसाकडे तासभर बसू, आणि आपले न सांगता त्याचे ऐकू. शिवाय, उरलेल्यातून देण्याऐवजी, आपल्याला जाणवेल असे काहीतरी गरजूला देऊ, आणि त्याची वाच्यता करणार नाही.

हे प्रभू येशू, तू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतलेस. आमच्या मनातला ताठा काढून टाक, आणि शेजाऱ्यापुढे वाकण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.