खोटी नोंद

माझी नात लातूरला बीएस्सी शिकते. मागच्या पावसाळ्यात ती वडवळ नागनाथच्या बेटावर जाऊन आली आणि बुरशीचे नमुने गोळा करायच्या नादाला लागली. आपण ज्याला कुत्र्याची छत्री म्हणून पायानं उडवतो, ते ती कागदावर पालथं ठेवायची. सकाळी कागदावर भुकटीचा ठसा उमटलेला असायचा. मग वाळवायचं, कागदाच्या पुडीत घालायचं आणि वर चिठ्ठी लावायची : कुठं सापडलं, कशावर उगवलं, तारीख, गोळा करणाराचं नाव. रंग ताजेपणीच लिहून घ्यायचा, वाळल्यावर तो राहत नाही. पुण्याला आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावानं बुरशीचा मोठा संग्रह आहे, तिथं अशाच पुड्या जपून ठेवल्यात, असं तिनं सांगितलं.

मलाही हुरूप आला. एके सकाळी वारुळावरची पांढरी अळंबी लांब मुळासकट काढून आणली.

"आबा, कुठं घावली?"

"आपल्याच बांधावर की."

खोटं बोललो. ती चुलतभावाच्या बांधावरची होती. बांधाच्या भांडणापायी आमचं बारा वर्षं बोलणं नाही. माझ्या बांधावरचं वारूळ तर मीच ट्रॅक्टर घालून सपाट केलेलं.

रात्री ती म्हणाली, ही बुरशी वाळवीच वाढवते. वारुळाच्या पोटात तिची बाग असते, तिथून ही छत्री वर येते. वारूळ नाही तिथं ही नाही. चिठ्ठीवर तर माझा गट नंबर लिहून झाला होता.

झोप लागंना. तसं कुणाचं काय बिघडणार होतं? पण माझ्या वडलांचं वीस गुंठे रान एका चुकीच्या नोंदीपायी कोर्टात अडकलं होतं. लिहिणारा मरून गेला, नोंद राहिली. त्याला मी जन्मभर शिव्या दिल्या. त्यालाही तेव्हा वाटलं असंल, एवढ्यानं काय होतंय. आता पन्नास वर्षांनी एखादं पोरगं ही चिठ्ठी वाचून माझ्या बांधावर येईल, वारूळ हुडकंल आणि आपलंच काही चुकलं म्हणून माघारी जाईल. ज्याचं तोंडही मी बघणार नाही, त्याच्याशी खरं बोलायला मी बांधलेला आहे का? मला वाटतं, आहे. समोरच्या माणसाला निदान उलटं विचारता तरी येतं. त्या पोराला तेही येणार नाही.

पहाटे नातीला खरं सांगितलं. तिनं चिठ्ठी फाडली नाही. चुकीच्या ओळीवर एक रेघ मारली आणि खाली खरं लिहिलं. "चूक दिसली पाहिजे, आबा," म्हणाली. मग हळूच विचारलं, "त्या आजोबांना विचारून आणली होती का?"

म्हणजे चोरी राहिलीच होती.

बारा वर्षांनी त्याच्या बांधावर जाऊन उभा राहिलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "दादा, कुत्र्याच्या छत्रीला बी सातबारा लागतो व्हय?" म्हणाला, पण हसला नाही. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही. निघताना तो एवढंच बोलला, "वारूळ मी मोडणार नाही."

आमच्या बांधाचा निकाल अजून लागायचाय. पण जे त्याचं होतं, ते एका कागदावर तरी त्याच्या गटात मी स्वतः लावून दिलं.