फर्डिनंडचे ऋण

अमेरिकेतील केंटकी डर्बी ही शर्यत १९८६ साली फर्डिनंड नावाच्या तीन वर्षांच्या तांबूस घोड्याने जिंकली. सुटतानाच तो इतरांच्या रेट्यात सापडला आणि १६ घोड्यांत अगदी शेवटी पडला. पाठीवर ५४ वर्षांचे जॉकी बिल शूमेकर होते. त्यांनी घाई केली नाही. अखेरच्या टप्प्यात पुढच्या घोड्यांमध्ये एक फट दिसताच त्यांनी फर्डिनंडला तीत घातले, आणि मग तो कोणाला सापडला नाही. १९८७ साली ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये त्याने अलीशेबाला नाकभर अंतराने हरविले व तो वर्षातील सर्वोत्कृष्ट घोडा ठरला. त्याची एकूण कमाई ३७ लाख डॉलरहून अधिक होती.

धावणे संपल्यावर त्याला पैदाशीसाठी ठेवण्यात आले. परंतु त्याची शिंगरे फारशी चमकली नाहीत. १९९४ साली तो जपानमधील होक्काइडो बेटावरच्या एका पैदास केंद्राला विकला गेला. तेथेही त्याची मागणी घटत गेली, तेव्हा तो एका व्यापाऱ्याकडे सोपविला गेला. २००२ साली त्याची ‘विल्हेवाट’ लावण्यात आली. तो कत्तलखान्यात गेला असेच सारे मानतात. अमेरिकेत ही वार्ता पोहोचली ती २००३ साली.

यात क्रूर कोण? मला तरी कोणी दिसत नाही. प्रत्येकाचा व्यवहार कायदेशीर होता. पैसे दिले-घेतले गेले, कागदावर सही झाली, आणि सहीबरोबर आपले ऋणही पुढच्याच्या खाती गेले, अशी प्रत्येकाने समजूत करून घेतली. पण ऋण असे हस्तांतरित होते काय? जपान्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. एक्सेलर हा असाच नामवंत अमेरिकन घोडा १९९७ साली स्वीडनमध्ये कत्तलखान्यात गेला होता.

कोणी म्हणेल, आपण मांसाहारी माणसे. सणासुदीला आपल्या चुलीवर मटण शिजते, मग एका घोड्यासाठी एवढे अश्रू कशाला? आक्षेप रास्त आहे. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने प्राण्यांचा उपयोग अन्नासाठी व श्रमासाठी करण्यास मुभा दिली आहे. त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळू नये, हेही. गरिबाच्या तोंडचा घास काढून घोड्याला चारा घालावा, असे मी तरी म्हणणार नाही.

परंतु फर्डिनंडचा चारा हे दान नव्हतेच. ती त्याची मजुरी होती, त्यानेच मिळविलेल्या धनातून द्यावयाची. मजुराने मागितली नाही म्हणून मजुरी बुडविता येत नाही. घोड्याला तर मागताच येत नाही. म्हणून त्याचे देणे अधिकच आपल्या सदसद्विवेकावर सोडलेले असते.

पुढे काही मालकांनी विक्रीच्या करारात अट घातली, की घोडा नकोसा झाल्यास तो प्रथम आम्हांलाच परत विकावा. न्यूयॉर्कमध्ये निवृत्त घोड्यांसाठी एक ऐच्छिक वर्गणी सुरू झाली. तिला फर्डिनंडचेच नाव आहे.

होक्काइडोत त्याची देखभाल करणाऱ्या सेवकाने मागाहून त्याची आठवण सांगितली. कुरणातून हाक मारली की तो चालत येई आणि आपले डोके त्याच्या अंगाला टेकवून उभा राही.