बालकाच्या हृदयावरील पहारेकरी

आजारी लेकरावर उपचार करावेत की नाहीत, हा प्रश्न आईबापांना सहसा पडत नाही. परंतु लेकरू हसतेखेळते आहे, शाळेत जाते आहे, त्याचे काही दुखतखुपत नाही. आणि तरीही डॉक्टर सांगतात, की याच्या हृदयाची लय उपजतच सदोष आहे, ती एखाद्या क्षणी कोसळू शकेल, तेव्हा छातीत यंत्र बसवण्याचा विचार करा. अशा वेळी आईबापांचे कर्तव्य कोणते? हा प्रश्न वैद्यकाचा आहेच. पण तो नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम व्याधीविषयी. शाळेत सर्वांदेखत रागावल्यामुळे एक मूकबधिर मुलगी कोसळून मरण पावली, अशी नोंद जर्मनीतील मायस्नर यांनी १८५६ साली केली आहे. आईबापांना त्या वार्तेचे नवल वाटले नाही. त्यांचे आणखी एक मूल असेच भीतीने अकस्मात गेले होते. १९५७ साली नॉर्वेतील यर्वेल आणि लांगे-निल्सन या डॉक्टरांनी एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी होती. त्यांना वारंवार मूर्च्छा येई आणि त्यांतील तिघांचा अचानक मृत्यू झाला. या व्याधीला आज ‘लाँग क्यूटी’ म्हणतात. बहिरेपणासह येणारा तिचा प्रकार विरळा. अधिक आढळणाऱ्या प्रकारात बहिरेपणा नसतो, आणि दोषी जनुक आईबापांपैकी एकाकडे असला तरी प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. धावताना, पोहताना किंवा घड्याळाचा गजर अवचित वाजताच अशी मुले बेशुद्ध पडतात. पुष्कळदा ती फेफरेच समजली जाते.

आता यंत्राविषयी. मिशेल मिरोव्स्की हे वॉर्सा येथे जन्मलेले ज्यू डॉक्टर. महायुद्धात त्यांचे कुटुंब नष्ट झाले. पुढे त्यांचे एक ज्येष्ठ सहकारी हृदयाची लय बिघडून वारले, आणि अशा रुग्णाच्या शरीरातच पहारेकरी ठेवता येईल काय, या ध्यासाने मिरोव्स्कींना पछाडले. अनेकांनी ती कल्पना हास्यास्पद ठरवली. अखेर ४ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे असे यंत्र प्रथम एका रुग्णाच्या शरीरात बसवण्यात आले. त्वचेखाली धातूची डबी आणि तिथून हृदयापर्यंत गेलेली तार, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप. ते प्रत्येक ठोक्यावर लक्ष ठेवते आणि प्राणघातक लय ओळखताच विजेचा धक्का देते. ते व्याधी बरी करीत नाही. मृत्यूला दारात अडवते.

याच काळात ख्रिस्तसभेनेही या विषयावर चिंतन केले, हा योगायोग लक्षणीय आहे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले, की जीवरक्षणासाठी मनुष्य सामान्य साधने वापरण्यास बांधील आहे. स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकणारी साधने वापरण्यास नाही. ५ मे १९८० रोजी व्हॅटिकनच्या घोषणापत्राने हाच विचार अधिक स्पष्ट केला. साधनातील धोका, खर्च आणि क्लेश एका पारड्यात, आणि त्यापासून मिळणारे हित दुसऱ्या पारड्यात घालावे. म्हणजे प्रश्न केवळ ‘हे यंत्र कसे आहे?’ एवढाच नसून ‘या बालकासाठी ते काय आहे?’ असा आहे.

ज्या बालकाचे हृदय एकदा थांबून पुन्हा सुरू झाले आहे, किंवा औषधे नियमित घेऊनही ज्याला मूर्च्छा येते, त्याच्या बाबतीत पारडे सहसा स्पष्टपणे यंत्राच्या बाजूने झुकते. तेथे ‘देवाची इच्छा’ म्हणून हात जोडून बसणे म्हणजे श्रद्धा नव्हे. डॉक्टरांची विद्या हेही देवाचेच देणे आहे. खर्च काही लाखांच्या घरात जातो, हे खरे. परंतु असे यंत्र खरोखरच आवश्यक असेल, तर तो प्रश्न एकट्या कुटुंबाचा राहत नाही. तो धर्मग्रामाचा होतो.

उलटपक्षी, अनेक मुलांना कधीच मूर्च्छा आलेली नसते, आणि रोजची गोळी व काही औषधे वर्ज्य करण्याचे पथ्य एवढ्याने त्यांचे रक्षण होऊ शकते. त्यांच्या बाबतीत यंत्राचा भारही मोजला पाहिजे. मूल वाढते तशी तार ताणते, कधी तुटते. काही वर्षांनी बॅटरी संपते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. खेळताना वाढलेले ठोके धोक्याचे समजून यंत्र कधी शुद्धीवर असलेल्या मुलालाच धक्का देते. मग ते धावायलाही भिते. श्रम व भावनावेग यांनी लय बिघडण्याचा आणखी एक आनुवंशिक विकार आहे. त्यात धक्क्याची वेदनाच हृदयाला अधिक उत्तेजित करून पुढचा धक्का ओढवून घेऊ शकते. म्हणून आईबापांनी स्वतःस विचारावे: आपण बालकाचा धोका टाळत आहोत, की आपली भीती?

‘पण नको म्हटले आणि उद्या काही घडले तर?’ हे शल्य आम्ही हलके मानत नाही. परंतु सदसद्विवेकबुद्धीचा न्याय त्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानावर होतो, पुढे घडणाऱ्या घटनेवर नव्हे. ज्यांनी जाणकारांना विचारले, प्रार्थनापूर्वक तोलून पाहिले आणि औषध चुकवले नाही, ते आईबाप दोषी नव्हेत. होकार देणारेही नव्हेत आणि नकार देणारेही नव्हेत.

काही कर्तव्ये मात्र यंत्र असो वा नसो, टळत नाहीत. भावंडांची व जवळच्या नातलगांची हृदयतपासणी करवून घ्यावी. मुलीचे लग्न अडेल म्हणून व्याधी लपवू नये. त्या मौनाची किंमत दुसऱ्याचे लेकरू मोजील. शिक्षकांना कल्पना द्यावी. छाती दाबून हृदय चालते ठेवण्याची रीत घरातील प्रौढांनी शिकून घ्यावी. आणि ज्याच्या छातीचा प्रश्न आहे त्या मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सत्य सांगावे, त्याचे म्हणणे ऐकावे.

याईराच्या कन्येला उठवल्यावर प्रभूने तिला खायला द्यायला सांगितले. तिचे रोजचे बालपण त्याने तिला परत दिले. आपल्या प्रत्येक निर्णयाची कसोटीही तीच असावी: हे मूल पुन्हा जेवणार आहे ना, खेळणार आहे ना?