गृहस्थाचा एकांत

नगरवासी गृहस्थाचे जीवन आज घड्याळाच्या काट्याला बांधलेले आहे. पहाटे उठून गाडी गाठावी, दिवसभर कचेरीत मान खाली घालून काम करावे, रात्री घरी येऊन दोन घास घ्यावेत आणि उद्याची चिंता उशाशी घेऊन निजावे, हा त्याचा नित्यक्रम होय. अशा मनुष्याच्या मनात, शनिवार-रविवारी मुलाबाळांसह एखाद्या जलाशयाच्या काठी लहानशी कुटी घेऊन दोन दिवस शांतपणे घालवावेत, अशी इच्छा उत्पन्न झाली तर ती दोषास्पद मानावी काय? कोणी म्हणतील, हा विलास होय. कर्मयोग्याला सुट्टी कसली? दुसरे म्हणतील, पैसा स्वतःचा, वेळ स्वतःचा. यात धर्माधर्माचा विचार कशाला? किंचित विचार करता ही दोन्ही मते एकांगी आहेत असे दिसून येईल.

गीता श्रमाचा गौरव करते, पण देह झिजवण्याचा करीत नाही. ६ व्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की, अति खाणाऱ्याला वा मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला वा सदा जागणाऱ्याला योग साधत नाही. ज्याचा आहार-विहार, कर्म आणि झोप-जाग परिमित, त्याचेच दुःख योगाने दूर होते. येथे विहाराचा निषेध नसून त्याची मर्यादा सांगितली आहे. १३ व्या अध्यायात तर एकांत स्थळाची आवड हे ज्ञानाचे एक लक्षण म्हणून गणले आहे. तेव्हा गर्दीतून दोन दिवस बाजूला होणे हे मुळात पाप नव्हे.

परंतु याच गीतेचा आरंभ कोठे होतो? कर्तव्य सोडून भिक्षा मागून जगणे बरे, असे म्हणणाऱ्या अर्जुनापासून! त्याची ती विरक्ती भगवंतांनी मान्य केली नाही, कारण ती शोकातून आणि मोहातून उपजलेली होती. विश्रांती आणि पलायन यांत हाच भेद आहे. विश्रांती घेणारा कर्माकडे अधिक समर्थ होऊन परततो. पळणारा परतण्याच्या विचारानेच खिन्न होतो. सोमवारी सकाळी मनुष्य कोणत्या वृत्तीने कामाला लागतो, यावरून त्याचा रविवार कसा गेला हे ओळखावे.

आणि हा रविवार तरी आयता मिळालेला आहे काय? मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना एके काळी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी सतत खटपट केली, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या दिवसासाठी दुसऱ्यांनी एवढे कष्ट सोसले, तो दिवस केवळ आळसात व प्रमादात दवडणे ही कृतघ्नताच होय.

जलाशयाचीही गोष्ट अशीच आहे. पुण्याहून सुमारे ४० किलोमीटरवर मुळशीचे विस्तीर्ण तळे आहे. मुंबई-पुण्याचे अनेक गृहस्थ सुट्टीत तेथे जातात, आणि डोंगरांच्या कुशीतील ते निळे पाणी पाहून त्यांचे मन निवते. पण ते पाणी जेथे पसरले आहे तेथे एके काळी मावळ्यांची भातखाचरे, घरे आणि देवळे होती. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने येथे धरण बांधण्यास घेतले, तेव्हा १९२१ साली रामनवमीच्या सुमारास शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. लढा काही वर्षे चालला. लोकांनी तुरुंगवास भोगला. तरीही धरण झालेच आणि गावे पाण्याखाली गेली. येथील पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे नेऊन त्यापासून वीज निर्माण होते. म्हणजे नगरातील गृहस्थ ज्या विजेच्या प्रकाशात काम करीत आला, तिच्यात आणि ज्या पाण्याच्या काठी तो विसावतो त्यात, एकाच शेतकऱ्याच्या शेताचा वाटा आहे. जो केवळ स्वतःसाठी अन्न शिजवतो तो पापच खातो, असा ३ ऱ्या अध्यायातील आशय आहे. तो विश्रांतीलाही लागू पडतो.

मग गृहस्थाने जाऊच नये काय? तसे नव्हे. बुडालेली खाचरे त्याला परत करता येणार नाहीत. पण ऋण मानता येईल. त्या भागातील जो मनुष्य कुटी झाडतो, पाणी भरतो, चूल पेटवतो, त्याच्याशी घासाघीस न करता योग्य मोबदला द्यावा आणि त्याला आदराने हाक मारावी. तांदूळ, भाजी, दूध गावातूनच घ्यावे. गोंगाट करून त्यांची झोप मोडू नये, कचरा मागे ठेवू नये, आणि हे तळे कसे झाले ते आपल्या मुलांना सांगावे. पाण्याशी उद्दामपणाही करू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. सहलीला आलेल्या पित्याचे पहिले कर्तव्य सावधपणा हेच होय.

सर्वांत कठीण प्रश्न मात्र घराच्या उंबरठ्यावरच उभा असतो. घरी वृद्ध आई आहे. तिला प्रवास झेपत नाही. आणि तिची सेवा करणारी सूनबाई वर्षभर एक दिवसही मोकळी झालेली नाही. अशा वेळी काय करावे? आईला शेजाऱ्यावर सोपवून गुपचूप निघून जाणे हा अधर्म होय. पण सूनबाईला कधीच विसावा न देणे हाही अधर्मच, कारण थकलेल्या हातांची सेवा लवकरच कडवट होते आणि तो कडवटपणा आईच्याच वाट्याला येतो. म्हणून भावाने किंवा बहिणीने ते दोन दिवस येऊन राहावे. बेत आईला मोकळेपणी सांगावा व तिचा आशीर्वाद घेऊन निघावे. तशी सोय होत नसेल तर बेत पुढे ढकलावा, आणि तोवर मुलाने स्वतः सेवेचा भार उचलून पत्नीला विसावा द्यावा. सेवा ही एकट्या सुनेची नव्हे, हे पुष्कळ पुत्र सोयीस्करपणे विसरतात.

१८ व्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. आरंभी अमृतासारखे व शेवटी विषासारखे ते राजस. निद्रा, आळस व प्रमाद यांतून उपजून बुद्धीला झाकणारे ते तामस. आणि आरंभी कडू वाटले तरी अंती अमृत होणारे ते सात्त्विक. कर्ज काढून, शेजाऱ्याशी चढाओढ करून घेतलेली कुटी राजस सुख देते. मद्यपानात व लोळण्यात गेलेले दिवस तामस होत. आणि जेथे दूरध्वनी बाजूला ठेवून पती-पत्नी एकमेकांशी बोलतात, पहाटे पाण्याकाठी बसून घटकाभर नामस्मरण होते, मुले आजीसाठी काय न्यावे याचा विचार करतात, तेथे सात्त्विक सुखाचा आरंभ होतो. दूरध्वनी मिटताना मन प्रथम कासावीस होते. तेच त्याचे आरंभीचे कडूपण समजावे.

सारांश, एकांत सरोवराच्या काठी मिळतो खरा, पण तो तेथेच ठेवून यावयाचा नसतो. तेथील शांतीचा थोडा अंश ज्याने आपल्या घरी, आईच्या खाटेपर्यंत व कचेरीच्या मेजापर्यंत आणला, त्या गृहस्थाचे दोन दिवस सार्थकी लागले, असे नि:शंकपणे म्हणावे.