मागचा दिवा

लांबच्या सायकलसफरीला निघताना पिशवी भरण्याचे काम मी रात्री, घरची माणसे निजल्यावर करीत असे. कोणी पाहायला असले की चार वस्तू जास्त भरल्या जातात. गेल्या दिवाळीच्या सुटीपासून मात्र हा माझा एकांत संपला आहे.

सायकलवाल्याला वजनाचे वेड असते. चढावर छटाकभर ओझेही जाणवते असे आम्ही म्हणतो. खरे तर जाणवते ते स्वतःचे पोट, पण ते घरी ठेवून निघता येत नाही! कपडे, पाने, पंक्चरचे सामान यांविषयी मनात वाद नसतो. वाद होतो तो विजेच्या वस्तूंविषयी. कानातले इयरफोन पहिल्याच वर्षी सुटले. मागून येणारी एस.टी. ऐकू येत नसेल तर भीमसेन ऐकून काय करायचे? वेग दाखवणारे यंत्रही गेले. वरंधा घाटात ते ताशी सहा किलोमीटर दाखवी, आणि मी दरी पाहायची सोडून त्या सहाच्या आकड्याशी भांडत बसे.

उरला मोबाइल, आणि त्याची शिदोरी म्हणजे पॉवर बँक. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, पण एवढा हिशेब मलाही येतो. पॉवर बँकेवर 10,000 लिहिलेले असते, मोबाइलच्या बॅटरीवर 5,000. म्हणून मोबाइल दोनदा भरेल असे मुलांना वाटते. वाटेत वीज उष्णतेत जाते, व्होल्ट चढवण्यात जाते. पुरते दोनदा काही भरत नाही. आणि एवढ्यासाठी दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम वाहायचे! गेल्या वर्षी मी ती टेबलावरच ठेवली आणि मोठ्या ऐटीत निघालो.

रेवसहून रेडीकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता मला फार प्रिय आहे. वाटेत खाड्या आडव्या येतात आणि सायकलीसकट फेरीबोटीत चढावे लागते. बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीत बोट सुटली तेव्हा चार वाजले होते आणि मोबाइलमध्ये अठरा टक्के उरले होते. निघताना मुलीने त्यात अशी सोय करून दिली होती, की नकाशावर माझा ठिपका घरबसल्या दिसावा. बोट खाडीच्या मध्यावर आली आणि मी मोबाइल बंद केला. बॅटरी वाचवायची हे एक कारण; दुसरे, जे मी कोणाला सांगितले नाही, ते असे की आता आपण कोणालाच दिसत नाही याचा मला आनंद झाला. वेसवीला उतरलो, अंधार पडता पडता केळशी गाठली, गरम भात-आमटी जेवलो आणि समुद्राचा आवाज ऐकत गाढ झोपलो.

सकाळी मोबाइल लावला तो एकतीस हाका चुकलेल्या. सौभाग्यवती रागावल्या नाहीत. "रात्रभर तुम्ही पाण्यात होतात," त्या म्हणाल्या. ठिपका खाडीच्या मध्यावर अडकून राहिला होता! "आईंनी देव पाण्यात ठेवलेत. काढायला सांगते आता." मागे ताम्हनाचा आवाज ऐकू आला. आई फोनवर आली नाही.

1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे — आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा — 1928 साली ती पुरी करून परतले. त्यांच्या घरी काळजी नव्हती असे कोण म्हणेल? पण दूरदेशीच्या पत्राला दिवसेंदिवस लागतात हे घरच्यांना ठाऊक होते. पत्र आले नाही, म्हणजे पत्र आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या ठिपक्याने मात्र घराला क्षणाक्षणाची सवय लावली होती, आणि मग मीच तो न सांगता विझवला. मोबाइल बंद करणे हा गुन्हा आहे असे मला अजूनही वाटत नाही. पण टेबलावर ठेवलेले ते दोनशे ग्रॅम नाहीसे झाले नव्हते. माझ्याऐवजी सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईने ते रात्रभर उचलून धरले होते.

शाळेतले एक सहकारी म्हणाले, "मास्तर, मग सफरीलाच जाऊ नका!" याला माझ्यापाशी चोख उत्तर नाही. मी जाणार, आणि मी जातो म्हणून कोणी तरी जागणार. त्या जागरणाला यंत्राने आळा बसेल असेही नाही. उपग्रहावरून निरोप देणारी यंत्रे परदेशी सायकलवाले जवळ ठेवतात. आपल्याकडे उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे. आणि नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर मी कोठे आहे हे रेंज नसतानाही मला कळते. घरी कळायला मात्र रेंज लागते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी चाळिशी उलटल्यावर शिकलो.

यंदा ठरले आहे ते असे. पॉवर बँक न्यायची. ठिपका नाही. रात्री आठला एक फोन. रेंज नसली तर सकाळी, आणि तोवर कोणी काही मनात आणायचे नाही. सौभाग्यवतींनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नाही हे मी विचारले नाही.

काल संध्याकाळी अंगणात सायकल पुसत होतो. आई काठी टेकीत आली. पिशवीतल्या वस्तूंकडे तिने पाहिलेही नाही. "मागचा दिवा लागतो का रे?" तिने विचारले. लागत असेल, म्हटले. सायकलीवर बसल्यावर तो मला दिसतोच कोठे? "बस बघू वर," ती म्हणाली, आणि फाटकापर्यंत जाऊन माझ्या पाठीमागे उभी राहिली.