कोतवाल बुकाचा शेवटचा रकाना

जातीच्या दाखल्यासाठी गेल्या काही वर्षांत कितीतरी घरांनी आपले पणजोबा शोधून काढले. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. मग तहसील कचेरीत अर्ज, कोतवाल बुकाची म्हणजे गाव नमुना नंबर 14 ची नक्कल, मोडी वाचणाऱ्याची शोधाशोध. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडीच्या जाणकारांना उसंत राहिली नाही. नक्कल हाती आली, जातीचा रकाना पाहिला, काम झाले. हळहळ वाटते ती इथे. त्याच ओळीत मृत्यूचे कारणही लिहिलेले असते. ते वाचायला कोणी थांबत नाही.

1918 च्या ऑक्टोबरची पाने उघडून पाहावीत. ताप, ताप, पुन्हा ताप. एकाच घरातली दोन-तीन माणसे आठवड्याभरात गेलेली. त्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेली इन्फ्लुएंझाची साथ पावसाळा सरताना खेड्यापाड्यांत शिरली, त्यात पाऊसही दगा देऊन गेलेला. देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असे अंदाज आहेत. 1921 च्या जनगणनेत लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दिसली. भारतात असे पुन्हा झालेले नाही. हे आकडे पुस्तकात वाचून आपण पान उलटतो. पण घरात पिढ्यान्‌पिढ्या ‘आजोबा मामाकडे वाढले’ एवढेच सांगितले जात असेल आणि त्यांच्या आईबापांची नावे त्या पानावर चार दिवसांच्या अंतराने सापडली, तर साथ म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आजोबांचा अबोलपणाही मग निराळा दिसू लागतो.

समुद्रापलीकडे हाच शोध उलट्या दिशेने चालतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या मजुरांची दप्तरे तिथे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपली आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, उंची, अंगावरची खूण; 1860 च्या दशकापासून छायाचित्रेही. मजूर पळाला तर ओळखता यावा, हा त्या नोंदींमागचा मळेवाल्यांचा आणि सरकारचा हिशेब. आज पणतू त्याच नोंदीवरून रत्नागिरीकडचे गाव शोधत येतो.

आपल्याकडच्या कुलवृत्तांतांबद्दल मला आदर आहे. ती मेहनत एकेका माणसाने आयुष्य वेचून केली. पण त्यांतली शाखा मुलग्यावरून पुढे सरकते. मुलगी कुठल्या घरी दिली तेवढे कळते आणि तिची वाट तिथेच संपते. सून आली की नाव बदललेले, माहेरचे नाव कुठेच नाही. म्हणजे दुष्काळात घर कोणी तगवले, दागिने कोणी मोडले, मुलांना शाळेत कोणी घातले, याची निम्मी साक्ष आपणच पुसून टाकली. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा नियम राज्यात आला. मागच्या पिढ्यांसाठी असा नियम करता येणार नाही. ते काम घरच्यांनाच करावे लागेल.

दिवाळीला घर भरलेले असते. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ वही घेऊन बसा. तिच्या आईचे लग्नाआधीचे नाव आणि गाव विचारा, आणि पुढे बोलण्याआधी ते लिहून घ्या.